बाळ कधी रडलं?

१

कपाट काचेचं, कुलूप शाबूत, आणि आत खिटी नाही.

खिटीला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी तेवढी फळीवर राहिली होती. दोरा तोडलेला नव्हता, गाठ बोटांनी सावकाश सोडवलेली होती. झोपलेल्या लेकराच्या गळ्यातली माळ काढून उशाशी ठेवावी, तशी ती चिठ्ठी ठेवलेली.

विमा कंपनीच्या तपासनीस बाई वाकून बघत राहिल्या. मग सरळ होत म्हणाल्या, "किल्ली कुणाकडे असते?"

"त्या खिळ्यावर." चाचणीघराची प्रमुख पुटपुटली. तिशीतली, हडकुळी मुलगी. ओठ कोरडे पडलेले. "कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे ती जागा."

"आणि खिटी तुम्ही तपासली नव्हती?"

"तुम्ही आल्यावर, तुमच्यासमोरच तपासायची असं ठरलं होतं ना."

या कारखान्यात पाळणे होत. पाळण्याच्या एका बाजूचा कठडा खाली सरके. आईनं वाकावं, लेकरू निजवावं, कठडा वर ओढावा, की खिटी 'टक' करून बसे. त्या एवढ्याशा आवाजाच्या भरवशावर आया पाठ फिरवत, चुलीवरचं बघत, अंघोळ उरकत. गेल्या आठवड्यात एका घरात तो कठडा आपोआप खाली आला, आणि बैठं होऊ लागलेलं मूल फरशीवर डोक्यावर पडलं.

त्या पाळण्याची खिटी कपाटात होती. तिला एकच दात. दात झिजून गोल झाला असेल, तर तो बसलेला होता आणि सुटला, दोष कारखान्याचा. दात कोरा असेल, तर आईनं कठडा लावलाच नव्हता. दुसरा साक्षीदार नाही.

बाई सकाळीच रुग्णालयात जाऊन आल्या होत्या. मूल वाचलं होतं, कपाळाला पट्टी बांधून झोपलं होतं. आई खाटेच्या कडेला हात मांडीखाली दाबून बसलेली, जणू ते हात पुन्हा काहीतरी पाडतील.

"मी टक ऐकलं होतं, बाई," ती म्हणाली होती. "पहिल्या दिवशी शपथेवर सांगत होते. आता वाटतं, खरंच ऐकलं होतं का? आणि पडल्यावर ते रडलंच नाही हो. एक सूरही नाही. धप्प झालं आणि घर गप्प. रडलं असतं तर मी एवढी भ्याले नसते."

दारातून सासूबाई बोलल्या होत्या, बाईंकडे बघून, पण सुनेला ऐकू जाईल असं: "आमच्या पाळण्यांना खिट्या नव्हत्या. आम्हाला डोळे होते."

कारखान्याचं निवेदन तयार होतं. संध्याकाळी ते वर्तमानपत्रांकडे जायचं होतं. त्यातलं एक वाक्य बाईंनी दोनदा वाचलं: 'कठडा व्यवस्थित लावला न गेल्यामुळे ही घटना घडली.' आईचं नाव नव्हतं. गरजही नव्हती. त्या घरात, त्या गल्लीत, आणि ते पोर मोठं होईल तेव्हा त्याच्याही मनात ते नाव आपोआप भरलं जाणार होतं.

पिशवीत फोन वाजला. विमा कंपनीचे वरिष्ठ. "बाई, खिटी गेली ना? मग पुरावाच नाही. आटपा आता. आईची चूक निघाली तर आपल्यालाही सोपंच आहे."

"सोपं आहे खरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग चाचणीप्रमुखेकडे वळल्या, तर ती मुलगी भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. भीती तर होतीच त्या नजरेत, पण तिच्यामागे दुसरंही काही होतं. काहीतरी विचारलं जावं म्हणून ती वाट बघत होती.

२

व्यवस्थापक मालकांचे मेहुणे. बँकेतली नोकरी सोडून वर्षापूर्वी इथे आलेले. इस्त्रीची घडी मोडू नये अशा बेतानं बसणारा माणूस.

"निवेदन मी लिहिलंय," ते म्हणाले. "मालकांनी सांगितलं कठडा उघडा राहिला होता. मी लिहिलं."

"तुम्ही स्वतः खात्री केलीत?"

"मालकांच्या शब्दापलीकडे खात्री कसली? हे बघा, खिटी गेली याचं मलाही वाईट वाटतंय. पण एक वस्तू हरवली म्हणून कारखाना बंद करायचा का? इथल्या पगारावर किती चुली पेटतात माहीत आहे?"

"आणि पाळण्यांत किती लेकरं निजतात?"

व्यवस्थापकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

खरेदीप्रमुखांना सगळे मामा म्हणत. गोल पोट, हसरा चेहरा, बोलणं तुपातलं. त्यांनी बाईंना खुर्ची पुसून दिली, वर पंखा लावला.

"खिटी बदलली होती का हो मामा?"

"बदलली की! उन्हाळ्याच्या तोंडाशी. आधीच्या पुरवठादाराचं दुकान जळालं, इकडे पाळण्यांना गिऱ्हाईक दारात उभं. मी नवा माणूस पकडला. अहो, माझं काम आणून टाकायचं. टिकतं का नाही ते बघायला ती बसलीय ना चाचणीत! नवरी पसंत करायला घरचे असताना वाजंत्र्याला कोण विचारतं?"

"नव्या खिटीबद्दल कुणाची तक्रार?"

"माझ्या कानावर नाही. आणि माझे कान तसे लहान आहेत." मामा स्वतःच हसले. मग हसू आवरलं आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. "बाई, मी बोललो असं नको. पण काल दुपारी त्या कपाटापाशी भाऊ उभे होते. एकटेच. काचेवर हात ठेवून. देवळात उभं राहतात ना, तसे."

"भाऊ म्हणजे?"

"मालक आमचे! पण त्यात काय म्हणा. त्यांचाच कारखाना, त्यांचंच कपाट." मामांनी रुमालानं मान पुसली. पंखा तर जोरात चालू होता.

३

भाऊ दारापर्यंत सामोरे आले. पांढरी दाढी, मऊ आवाज. कारखान्यातली प्रत्येक बाई त्यांना भाऊ म्हणे आणि तसंच मानी. कुणाच्या मुलीची शाळा, कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन, भाऊ पुढे असत. चाचणीप्रमुखेचं शिक्षणही त्यांनीच केलं होतं.

बाईंना वाटलं, या माणसावर संशय घेणं म्हणजे उन्हात बसलेल्या म्हाताऱ्याची काठी काढून घेणं.

"काल कपाटापाशी गेला होता?"

"गेलो होतो." भाऊंनी लपवलं नाही. "एवढीशी वस्तू, आणि एका घराचं केवढं झालं. बघावंसं वाटलं. नुसतं बघितलं आणि परत आलो."

"तुम्हाला त्रास होतोय."

"त्रास?" भाऊंचे डोळे भरले, खोटे नव्हते. "बाई, बाळ रडलं हे कानावर आलं, त्या दिवसापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. घरात धाकटीच्या लग्नाची धामधूम, पाहुण्यांनी माजघर भरलेलं, सनईवाले सूर लावतायत, आणि मी माळ्यावर जाऊन एकटा बसलो. मुलगी शोधत आली, बाबा, काय झालं? काय सांगणार तिला?"

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. त्या उठल्या. दारापाशी जाऊन, माणसं निरोप घेताना बोलतात तसं बोलल्या, "लेकीचं लग्न अगदी आत्ताच झालं म्हणायचं. घर सुनं वाटत असेल."

"छे हो, आत्ता कुठलं! ती तर सासरी रुळलीसुद्धा. परवा फोनवर सांगत होती, अंगणातल्या वेलाला काकड्या..."

भाऊ थांबले.

पेला ओठांशी नेता नेता हात मध्येच राहिला. दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि खिडकीबाहेर यंत्रांचा एकसुरी घरघराट चालू होता.

मूल गेल्या आठवड्यात पडलं. आणि पडल्यावर ते रडलंच नव्हतं.

४

व्हरांड्यातून चालताना बाईंचं डोकं भणभणत होतं. दुसरं कुठलं बाळ होतं का? आधीही कुणी पडलं होतं? आणि ते मिटवलं गेलं?  त्या चाचणीघराच्या दारात पोचल्या, आणि आतून कुणीतरी ओरडलं:

"रडलं! बाळ रडलं!"

बाई धावल्याच. पिशवी हातातून पडली.

आत बाळ नव्हतं. एक पाळणा लोखंडी हाताला जोडलेला, कठडा खाली घसरलेला, आणि खालच्या जाळीत वाळूचं एक लठ्ठ पोतं. यंत्रापाशी उभी असलेली दांडगी बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"अगं बाई, घाबरलात?" ती हसली. "वाळू आहे हो नुसती. आम्ही बाळ म्हणतो. थोरल्या मालकांनी, भाऊंच्या वडिलांनी पाडलेलं नाव. ते म्हणायचे, पोतं म्हणाल तर पोत्यासारखं आपटाल. याला कठड्याला टेकवायचं आणि झुलवत ठेवायचं. खिटी टिकली तर बाळ झोपलं. सुटली तर रडलं. हा नवा नमुना आणलाय मामांनी, गेला फुकट."

बाईंनी पडलेली पिशवी उचलली. डोक्यातली भणभण थांबली आणि तिच्या जागी काहीतरी फार थंड, फार स्वच्छ आलं.

"व्यवस्थापकांना ठाऊक आहे ही भाषा?"

"ते कशाला येतील इकडे? त्यांच्या बुटांना वाळू लागते."

"आणि ते कोपऱ्यातलं?" दुसरं, लहान पोतं भिंतीशी पडलं होतं. अंगावर फडकं.

"ते धाकटं. कालपासून आजारी आहे. आमच्या प्रमुख ताई म्हणाल्या, शिवण उसवलीय, हात लावू नका."

बाई त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसल्या. फडकं काढलं. शिवण कुठेही उसवलेली नव्हती. उलट दुहेरी टाके होते, नव्या दोऱ्याचे, जवळ जवळ, आणि टोकाला गाठ मारून ती आत वळवलेली. मोडलेली वस्तू कुणी एवढ्या मायेनं शिवत नाही. कुणीतरी काहीतरी जपून ठेवलं होतं. चिठ्ठीची गाठ सोडवणारी बोटंच होती ही. चोराला घाई असते, त्यानं दोरा तोडला असता. आणि खिटी नाहीशीच करायची असती, तर ती कारखान्याबाहेर कुठल्याही गटारात गेली असती.

"उसवा," मागून आवाज आला.

चाचणीप्रमुख दारात उभी होती. हातात कात्री. ती आत आली, कात्री बाईंच्या हातात दिली आणि खाली बसली.

वाळू भसाभसा सांडली. वाळूत, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली खिटी. दात गोल झाला होता, चघळलेल्या खडीसाखरेसारखा.

"आईनं लावली होती," बाई हळूच म्हणाल्या. "टक झालं होतं."

"हो."

"आणि तुला आधीपासून माहीत होतं."

मुलीनं मान खाली घातली. "नवी खिटी आली तेव्हाच बाळ रडलं. पुन्हा लावलं, पुन्हा रडलं. मी पळत भाऊंकडे गेले. लग्नाचा मांडव घालत होते. म्हटलं, भाऊ, बाळ रडतंय. ते म्हणाले, 'राहू दे.' बस, एवढंच. मी परत आले. माल गेला." तिनं वाळूत बोटं खुपसली. "काल दुपारी किल्ली खिळ्यावर नव्हती, माझ्या मुठीत होती; त्यांनी ती मागितली. 'जरा दे गं पोरी.' मी म्हटलं, सापडत नाहीये, शोधते. त्यांना चोर म्हणायला जीभ वळेना, आणि किल्लीही देववेना. मी जी काही आहे, ती त्यांच्यामुळे आहे, बाई. मग मी हिला बाळाच्या पोटात घातलं."

"मला का नाही सांगितलंस सकाळी?"

"तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते."

"तिकडे एक आई आठ दिवस स्वतःच्या हातांवर बसून आहे," बाई म्हणाल्या. "तीही कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघतेय."

मुलीनं वाळूतली बोटं बाहेर काढली. मग उठली, हात झटकले, आणि बाईंच्या आधी दाराबाहेर पडली.

५

बैठकीच्या खोलीत चौघं बसले होते. टेबलावर निवेदनाचा कागद, आणि त्याच्यावर बाईंनी खिटी ठेवली.

मामांचं हसू गळून पडलं. व्यवस्थापक पुढे वाकून तो दात निरखू लागले. भाऊंनी बघितलंच नाही. ते मुलीकडे बघत होते.

"पोरी," ते म्हणाले. "तू?"

"मीच, भाऊ."

"भाऊ," बाई म्हणाल्या, "बाळ कधी रडलं?"

"गेल्या आठव..."

"ते रडलं नाही. त्याची आई सांगते. रडलं ते वाळूचं. लेकीच्या लग्नात."

व्यवस्थापकांनी मान वर केली. "वाळूचं म्हणजे?" आणि बाईंनी त्यांना थोडक्यात सांगितलं. ऐकताना त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या.

भाऊंनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "मी माल पाठवा असं कधीच म्हणालो नाही. विचारा हिला. मी म्हणालो, राहू दे. म्हणजे माल राहू दे. इथेच, गोदामात. हिनं उलटा अर्थ काढला. लग्नघरात माणूस किती बोलणार?"

 मुलीचा चेहरा पांढरा पडला. कारण शब्द खरंच तोच होता; दोन्हीकडे तोंड असलेला. तिनं इतके महिने तो चुकीच्या बाजूनं ऐकला असेल तर?

बाईंनी डोळे मिटले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. जेवणाऱ्याला आग्रह करताना, भांडण मिटवताना, मेलेल्याचं सामान आवरताना. राहू दे. बोलणाऱ्याचे हात कोरडे ठेवणारा शब्द.

"मामा," त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "माल निघाला तेव्हा फाटकावर कोण होतं?"

मामांनी घसा खाकरला. भाऊंकडे बघितलं, खिटीकडे बघितलं. "पहिल्या गाडीला भाऊ स्वतः नारळ... म्हणजे, स्वतः उभे होते. दरवेळी असतात. हात करून निरोप देतात गाडीला."

"मग भाऊ, तुम्ही माल राहू दे म्हणाला होता आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत निघाला. 'का निघाला' असं कुणाला विचारलंत?"

भाऊंनी खिडकीकडे मान वळवली.

"जो माल थांबवतो, तो जाताना बघून ओरडतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही हात केलात."

बाहेर यंत्रं चालूच होती. भाऊंचे खांदे हळूहळू खाली आले. ते एकदम फार म्हातारे दिसले.

"मला वाटलं, एखादीच सुटेल," ते म्हणाले. "वाळू जड असते. लेकरू हलकं. मला वाटलं... राहू दे आता. जे झालं ते झालं."

"नाही," व्यवस्थापक म्हणाले.

सगळे दचकले. हा माणूस मालकांसमोर कधी नाही म्हणाला नव्हता. ते उभे राहिले होते. निवेदन त्यांनी खिटीखालून ओढून काढलं आणि उभं फाडलं, मग आडवं.

"हे मी लिहिलं, दाजी. माझ्या हातानं एका आईवर लिहिलं. आणि तुम्ही समोर बसून शुद्धलेखन तपासलंत." ते मामांकडे वळले. "मामा, दुकानदारांचे फोन लावा. एकही पाळणा विकायचा नाही. विकलेले परत. वर्तमानपत्रांना मी सांगतो. आणि दाजी, तुम्ही रुग्णालयात चला."

"उद्या..."

"आत्ता."

६

आई तशीच बसली होती. भाऊ दारात थबकले, तेव्हा बाईंनी त्यांना मागून हात लावला नाही; नुसत्या बाजूला सरकल्या.

"मुली," भाऊ म्हणाले, "मी पाळण्याच्या कारखान्याचा मालक. खिटी सापडली. ती तू लावली होतीस. आमच्याकडून चूक झाली."

आईनं वर बघितलं. "आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?"

भाऊंनी बाईंकडे बघितलं. बाईंनी काही मदत केली नाही.

"माझ्याकडून," ते म्हणाले. "खिटी कच्ची आहे हे मला कळलं होतं. मी थांबवलं नाही."

ती रडेल असं बाईंना वाटलं. ती रडली नाही. मांडीखालचे हात तिनं काढले आणि दाराकडे बघून मोठ्यांदा हाक मारली, "आई! आत या जरा."

सासूबाई पदर सावरत आल्या.

"आता पुन्हा सांगा," आई भाऊंना म्हणाली. "यांच्यासमोर. सगळं."

भाऊंनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. सासूबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता सुनेजवळ खाटेवर टेकल्या.  सुनेच्या पाठीवरची सुटलेली वेणी तेवढी हातात घेऊन उगाच घालू लागल्या.

"बाकीचे पाळणे?" आईनं विचारलं.

"परत मागवतोय. दुकानांना फोन चाललेत."

"दुकानांना?" आई ताडकन उभी राहिली, वेणी सासूच्या हातातून सुटली. "पाळणे दुकानात आहेत का? घरात आहेत! माझ्या मावसबहिणीनं माझा बघून तोच घेतलाय. तिची पोरगी या वेळी निजते." ती फोन शोधत होती, उशीखाली, चादरीत; बाईंनी तो खाटेखालून उचलून दिला.

घंटी वाजत राहिली.  भाऊंनी खाटेचा दांडा घट्ट धरला होता.

पलीकडून कुणीतरी उचललं.

"ऐक," आई म्हणाली. "काही विचारू नकोस. तिला आधी पाळण्यातून उचल. हो, झोपलीय, माहीत आहे. झोपू दे म्हणू नकोस. उचल. आधी उचल, मग सांगते."

पलीकडे पावलांचा आवाज लांब गेला.

"घेतलीस?" आईनं विचारलं. "घट्ट?"